लाल रेघ आणि दातांचे पैसे

‘लेखक जन्मावा लागतो, तो घडवता येत नाही’ असं आपल्याकडे फार ठामपणे म्हटलं जातं. गाण्याला गुरू लागतो, तबल्याला लागतो, चित्रकाराला चार-पाच वर्षं कला महाविद्यालयात घासावी लागतात, अगदी चकलीचं पीठ कसं भिजवायचं हेसुद्धा कोणीतरी शेजारी उभं राहून दाखवावं लागतं. लिहायला मात्र कोणी शिकवायचं नाही! ती म्हणे सरस्वतीची कृपा. ज्याच्यावर झाली त्याच्यावर झाली, बाकीच्यांनी वाचक व्हावं.

मी बी.ए.ला मराठी घेतलं आणि नंतर जन्मभर शाळेत मराठीच शिकवलं, त्यामुळे हे वाक्य मी विद्यार्थी म्हणूनही ऐकलंय आणि शिक्षक-खोलीत चहा पितानाही ऐकलंय. ते मला कधी पूर्ण पटलं नाही आणि पूर्ण खोडताही आलं नाही. म्हणून गेले काही महिने मी एका वेगळ्याच गोष्टीच्या मागे लागले आहे. लेखक घडवायच्या कार्यशाळा जगात कुठे, कशा सुरू झाल्या आणि त्यातून खरंच काय निघालं? वाचायला घेतलं ते सहज म्हणून, पण त्यात एक मुलगी आणि तिची आई भेटली आणि मग विषय सोडवेना. तर मंडळी, आज त्याबद्दल. जरा लांबण लागेल, सवडीने वाचा.

अमेरिकेत आयोवा नावाचं एक राज्य आहे, सगळी मक्याची शेतं. तिथल्या विद्यापीठात १९३६ साली लेखकांची कार्यशाळा सुरू झाली. कथा किंवा कविता लिहायची आणि त्यावर पदवी घ्यायची, ही कल्पना तेव्हा त्यांच्याकडेही नवीच होती. पॉल एंगल नावाच्या कवीने ती पुढे नावारूपाला आणली. नंतर १९६७ साली त्याने आणि ह्वालिंग न्ये या चिनी लेखिकेने मिळून देशोदेशीच्या लेखकांसाठी आयोवातच एक वेगळा कार्यक्रम सुरू केला. आपले दिलीप चित्रे १९७५ मध्ये तिथेच गेले होते. हा आपला मराठी धागा. पण मला आज आयोवाबद्दल फार सांगायचं नाही. तिथे विद्यापीठाचं पाठबळ होतं, पदवी होती, मानमरातब होता. मला सांगायचंय ते ज्यांना कोणी लेखकच समजत नव्हतं अशा लोकांनी आपसांत काय केलं त्याबद्दल.

विज्ञानकथा लिहिणारे अमेरिकन लेखक १९५० च्या दशकात रद्दी कागदावर छापल्या जाणाऱ्या स्वस्त मासिकांत लिहीत. शब्दाला काही सेंट असा हिशोब. मासिकांच्या मुखपृष्ठांवर राक्षस, रॉकेटं आणि किंचाळणाऱ्या बायका. प्राध्यापक मंडळी या लेखनाकडे आपण एकेकाळी रहस्यकथांकडे बघायचो तसं बघत. म्हणजे प्रवासात वाचायचं आणि गाडीतच सोडून उतरायचं. पण त्यातल्या काही जणांना आपण जे लिहितो ते उत्तम असावं अशी तळमळ होती. डेमन नाइट, जेम्स ब्लिश आणि ज्युडिथ मेरिल हे तिघे पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या मिलफर्ड नावाच्या लहानशा गावात राहत. १९५६ साली त्यांनी तिथे लेखकांची एक परिषद भरवली. तिचा नियम साधा होता. ज्याचं लेखन आधी विकलं गेलंय, छापलं गेलंय, त्यानेच यायचं. हौशी मंडळींना प्रवेश नाही. म्हणजे हे शिकाऊ लोकांचं शिबिर नव्हतं. हात बसलेले कारागीर एकमेकांचं काम तपासायला जमत होते.

तिथे जी पद्धत पडली ती आजही ‘मिलफर्ड पद्धत’ म्हणूनच ओळखली जाते. सगळ्यांनी एकमेकांच्या कथा आधी वाचून यायचं. मग गोल बसायचं. एकेकाने क्रमाने त्या कथेबद्दल काय वाटलं ते बोलायचं, ठरलेल्या वेळातच. आणि ज्याची कथा आहे त्याने? त्याने गप्प बसायचं! सगळ्यांचं होईपर्यंत एक अक्षर काढायचं नाही. ‘मला तसं म्हणायचं नव्हतं’, ‘ते पुढे येणार आहे’, ‘तुम्ही नीट वाचलं नाही’ यातलं काहीही नाही. शेवटी त्याची पाळी, तेव्हा काय ते बोला.

हे वाचलं आणि मला मनापासून हसू आलं. आपल्याकडे काव्यवाचनाच्या बैठकीत कवी कवितेआधी पाच मिनिटं आणि कवितेनंतर दहा मिनिटं तीच समजावून सांगत असतो. (आमच्या नात्यातही असे दोन आहेत, ते हे वाचतीलच. असो.) पण हसून झाल्यावर विचार केला तर त्या नियमामागचं कारण फार साधं आहे. कथा छापून वाचकाच्या हातात गेली की लेखक काही त्याच्या खुर्चीमागे उभा राहून खुलासे देणार नाही. कागदावर आहे तेवढंच वाचकाला मिळणार. मग त्याची सवय आधीच का करू नये?

मिलफर्ड हे छापून आलेल्यांसाठी होतं. जे अजून दारापर्यंतही पोचले नाहीत त्यांचं काय, हा प्रश्न रॉबिन स्कॉट विल्सन नावाच्या इंग्रजीच्या प्राध्यापकाला पडला. गृहस्थ गमतीशीर. आधी बरीच वर्षं अमेरिकेच्या सीआयएत नोकरी केलेली, मग कॉलेजात शिकवायला आलेले, फावल्या वेळात विज्ञानकथा लिहिणारे. ते मिलफर्डला जाऊन आले आणि म्हणाले, हीच पद्धत नवोदितांसाठी का नको? त्यांचं कॉलेज पेनसिल्व्हेनियातच क्लॅरियन नावाच्या गावी होतं. १९६८ च्या उन्हाळ्यात तिथे पहिली कार्यशाळा भरली. डेमन नाइट आणि त्यांची पत्नी केट विल्हेम (ती स्वतः नावाजलेली लेखिका) तर होतेच, शिवाय ज्युडिथ मेरिल, फ्रिट्झ लायबर, हार्लन एलिसन. दर आठवड्याला नवा शिक्षक, आणि शिक्षक म्हणजे प्राध्यापक नव्हे, तर लिहून पोट भरणारा लेखक.

मुदत सहा आठवडे. आपल्याकडे कार्यशाळा म्हटली की शनिवार-रविवार, मध्ये उपमा आणि जिलबी, शेवटी प्रमाणपत्र आणि सामूहिक फोटो. इथे दीड महिना घरदार सोडून कॉलेजच्या वसतिगृहात राहायचं. सकाळी गोल बसून कथांची चिरफाड, दुपारी आणि रात्री दुसऱ्यांच्या कथा वाचायच्या आणि आपली नवी लिहायची. केट विल्हेम यांनी सत्तावीस वर्षं तिथे शिकवलं आणि त्यावर ‘स्टोरीटेलर’ नावाचं पुस्तक लिहिलं, ते २००५ साली आलं. त्यात लिहिलंय की या मोठ्या वयाच्या मुलामुलींच्या वसतिगृहात पाण्याच्या पिचकाऱ्यांच्या लढाया चालत. बरोबरच आहे. रोज सकाळी सोलून निघायचं म्हटल्यावर संध्याकाळी कोणाला तरी भिजवावंसं वाटणारच.

त्याच पुस्तकातली एक गोष्ट माझ्यासारख्या मास्तरणीला चटकन भिडली. ती म्हणजे लाल रेघ. विद्यार्थ्याची कथा वाचताना, एखाद्या संपादकाने जिथे वाचन थांबवून हस्तलिखित बाजूला टाकलं असतं, नेमक्या त्या ठिकाणी कागदावर लाल रेघ ओढायची. चूक शोधायची नाही, शुद्धलेखन नाही, ‘छान प्रयत्न’ नाही. फक्त इथपर्यंत वाचलं असतं, इथून पुढे नाही. कुणाची रेघ पाचव्या पानावर, कुणाची पहिल्याच पानाच्या चौथ्या ओळीवर.

मी आयुष्यभर लाल शाई वापरली. ऱ्हस्व-दीर्घ, अनुस्वार, ‘वाक्यरचना पहा’, दहापैकी साडेसहा. निबंध तपासताना मी प्रत्येक वही शेवटपर्यंत वाचली, कारण ते माझं कामच होतं, त्याचा मला पगार मिळत होता. पण आता वाटतं, मुलांना त्यातून असं शिक्षण मिळतं की आपण काहीही लिहिलं तरी कोणीतरी शेवटपर्यंत वाचणारच आहे. बाहेरच्या जगात असं कोणी बसलेलं नसतं. वाचक मध्येच उठून जातो आणि का उठला ते सांगतही नाही. लाल रेघ म्हणजे त्या उठून जाणाऱ्या वाचकाने जाता जाता दाखवलेली जागा. क्रूर आहे, पण खरी आहे.

आता त्या मुलीबद्दल.

ऑक्टेविया बटलर. जन्म २२ जून १९४७, कॅलिफोर्नियातलं पॅसाडेना. काळ्या वर्णाचं, गरीब घर. वडील बूटपॉलिशचं काम करत, ते ती लहान असतानाच गेले. आई लोकांच्या घरी धुणीभांडी, साफसफाई करायची. मालकांच्या घरात मागच्या दाराने शिरायचं आणि त्यांनी आपल्यादेखत केलेलं बोलणं ऐकून न ऐकल्यासारखं करायचं. मुलगी कधी कधी बरोबर असायची, तिने हे सगळं पाहिलं. आईचं शिक्षण फार झालेलं नव्हतं, पण मालकांनी टाकून दिलेली पुस्तकं, मासिकं ती घरी घेऊन यायची. मुलगी उंच, कमालीची बुजरी, त्यात अक्षरं नीट न लागण्याचा त्रास, ज्याला आज आपण डिस्लेक्सिया म्हणतो. वर्गात चेष्टा व्हायची. ती सार्वजनिक वाचनालयात जाऊन बसायची.

दहा वर्षांची असताना तिने आईकडे टाइपरायटर मागितला. आणि आईने तो घेऊन दिला! घरकाम करणाऱ्या बाईने, दहा वर्षांच्या मुलीला. बाराव्या वर्षी टीव्हीवर मंगळावरून आलेल्या बाईचा एक सुमार सिनेमा पाहून तिला वाटलं, याच्यापेक्षा बरं तर मी लिहीन. तिथून विज्ञानकथा सुरू झाली. मावशीने मायेनेच समजावलं की बाळ, आपल्यासारख्या काळ्या माणसांना लेखक होता येत नसतं. मावशीचं चुकलं असं म्हणवत नाही, कारण त्या मुलीनेही तोवर काळ्या लेखकाने लिहिलेलं काही पाहिलं नव्हतं.

तेराव्या वर्षाच्या आसपास एक ‘साहित्यिक एजंट’ भेटला. कथा वाचायची फी ६१ डॉलर. ती रक्कम त्यांच्या महिन्याच्या घरभाड्याहून जास्त होती. आईने भरली. अर्थात ती फसवणूक होती, पैसे गेले. मला विचाराल तर या सगळ्या कथेत मोठं काही असेल तर ते पुढचं: एवढं होऊनही आईने लेकीवरचा विश्वास काढून घेतला नाही.

कारण १९७० साल आलं. पटकथालेखकांच्या संघटनेने अल्पसंख्य समाजातल्या होतकरूंसाठी चालवलेल्या वर्गात ऑक्टेविया जात होती, तिथे हार्लन एलिसन शिकवायला होता. त्याने तिचं लेखन वाचलं आणि सांगितलं, क्लॅरियनला जा. सहा आठवडे, देशाच्या दुसऱ्या टोकाला, फी, राहण्याचा खर्च. पैसे कुठून आणायचे? आईने आपल्या दातांच्या उपचारासाठी पैसे साठवले होते. ते तिने मुलीला दिले.

मी हे वाचून पुस्तक मिटून ठेवलं होतं थोडा वेळ. आपल्या पिढीला हे समजावून सांगावं लागत नाही. आपल्या आयांनी पाटल्या विकून पोरांच्या फिया भरल्या. पण त्या इंजिनिअरिंगच्या, डॉक्टरीच्या, नाहीतर डी.एड.च्या. गोष्टी लिहायला शिकायचं म्हणून कोणाच्या आईने दात दुखते ठेवलेत?

ऑक्टेविया तेविसाव्या वर्षी क्लॅरियनला पोचली. बुजरी ती बुजरीच. पण त्या उन्हाळ्यात तिथे शिकवणाऱ्यांत सॅम्युअल डिलेनी होता. स्वतः काळा, वय तिच्याहून जेमतेम पाच वर्षांनी जास्त, आणि तोवर नावारूपाला आलेला विज्ञानकथा-लेखक. मावशीचं वाक्य इथे आपोआपच निकालात निघालं असणार. आणि सहा आठवड्यांत तिच्या दोन कथा विकल्या गेल्या! एक विल्सन यांनी कार्यशाळेच्या संग्रहासाठी घेतली, दुसरी एलिसनने त्याच्या येऊ घातलेल्या मोठ्या संग्रहासाठी.

इथेच गोष्ट संपवली तर छान बोधकथा होईल. आईचा त्याग, मुलीची जिद्द, कार्यशाळेचा परीस. शाळेच्या गॅदरिंगला सांगायला उत्तम. पण पुढे काय झालं ते ऐका.

पुढची पाच वर्षं तिचं एकही अक्षर विकलं गेलं नाही. पाच वर्षं! कार्यशाळेच्या संग्रहातली कथा १९७१ मध्ये छापली गेली. एलिसनचा तो मोठा संग्रह मात्र त्याच्या हयातीत निघालाच नाही. तो २०१८ साली वारला. त्यासाठी घेतलेली तिची कथा छापली गेली २०१४ मध्ये, तोवर ती स्वतः जाऊन आठ वर्षं झाली होती. म्हणजे कार्यशाळेत विकल्या गेलेल्या दोनपैकी एक कथा छापून आलेली तिला पाहताच आली नाही.

त्या पाच वर्षांत तिने काय केलं? मिळतील ती कामं. भांडी घासली, फोनवरून माल विकला, बटाट्याच्या वेफर्सच्या कारखान्यात तपासनीस झाली. मुद्दाम अशी कामं धरली की ज्यात डोकं खर्च होणार नाही. आणि पहाटे दोनला उठून लिहायची. १९७६ साली तिची पहिली कादंबरी ‘पॅटर्नमास्टर’ आली.

मी स्वतःला विचारते, कार्यशाळेने तिला नक्की दिलं काय? प्रकाशन दिलं म्हणावं तर पाच वर्षांचा दुष्काळ आहे. तंत्र दिलं म्हणावं तर ती तेरा वर्षं आधीपासून लिहीतच होती. मला वाटतं, तिला तिथे दोन गोष्टी मिळाल्या. आपल्या कथेत वाचक कुठे उठून जातो हे दिसलं, हे एक. आणि ज्यांच्या शब्दाला किंमत होती अशा चार माणसांनी तिला लेखक मानलं, हे दुसरं. पहाटे दोनला उठायला गजर पुरत नाही. आपण उठतोय ते वेडेपणापायी नाही, हे आधी कोणीतरी सांगितलेलं असावं लागतं.

पुढची गोष्ट ‘मुख्य प्रवाहा’ची. १९७९ साली तिची ‘किंड्रेड’ आली. लॉस एंजेलिसमध्ये १९७६ साली राहणारी एक काळी तरुणी अचानक मागे खेचली जाते, ती थेट एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या मेरीलँडमध्ये, गुलामांच्या मळ्यावर. तिथल्या गोऱ्या मालकाचा मुलगा हा तिचाच पूर्वज असतो. तिला स्वतःचा जन्म व्हायला हवा असेल तर त्याला जगवावंच लागणार! अनेक प्रकाशकांनी हस्तलिखित परत केलं. त्यात काळप्रवासाचं यंत्र नाही, म्हणून ती विज्ञानकथा नाही, आणि काळप्रवास आहे म्हणून ती ‘साहित्यिक’ कादंबरीही नाही. शेवटी ती छापली गेली साधी कादंबरी म्हणून, विज्ञानकथेच्या शिक्क्याशिवाय. माझा भाचा सिअ‍ॅटलला असतो, त्याने तिची एक प्रत मला आणून दिली आणि मी ती शब्दकोश शेजारी ठेवून वाचली. इंग्रजी सोपं आहे, वाचणं सोपं नाही. मालकाच्या घरात ऐकून न ऐकल्यासारखं करणारी तिची आई मला त्या मळ्यावर पानोपानी दिसत होती. आज ती कादंबरी अमेरिकेतल्या अनेक शाळा-कॉलेजांत नेमलेली असते. १९९५ मध्ये ऑक्टेवियाला मॅकआर्थर फेलोशिप मिळाली, विज्ञानकथा-लेखकाला मिळालेली ती पहिलीच. मधल्या काळात ती क्लॅरियनला स्वतः शिकवायलाही जाऊ लागली होती.

२००६ साली ती गेली, वय अवघं ५८. तिच्या १९९३ सालच्या ‘पॅरेबल ऑफ द सोअर’ या कादंबरीने २०२० मध्ये न्यूयॉर्क टाइम्सच्या सर्वाधिक खपाच्या यादीत पहिल्यांदा जागा मिळवली. आणि २०२१ मध्ये नासाचं पर्सिव्हियरन्स यान मंगळावर ज्या जागी उतरलं, त्या जागेला ऑक्टेविया बटलरचं नाव दिलं गेलं. मंगळावरच्या बाईचा सुमार सिनेमा पाहून लिहायला बसलेल्या मुलीचं नाव मंगळावर! कादंबरीत घातलं असतं तर त्या गोलात बसलेल्यांनी ‘हे जरा जास्तच होतंय’ म्हणून तिथे लाल रेघ ओढली असती.

आता आपल्या घरी येऊ. आपल्याकडे असं काही नव्हतंच का? होतं, पण ते टपालाने चालायचं. ‘सत्यकथा’ मासिकाचे श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन हे संपादक लेखकाला पत्रं लिहीत. कथा परत करतानाही ती कुठे सैल पडली, कुठला प्रसंग उपरा वाटतो हे कळवत. पुन्हा लिहून घेत. मराठीतले कितीतरी मोठे कथाकार त्या पत्रांवर वाढले. म्हणजे लेखक जन्मावा लागतो असं म्हणणाऱ्या मराठीत, जन्मलेल्या लेखकांना घडवण्याचं काम दोन माणसं पोस्टकार्डावर करत होती. ‘सत्यकथा’ १९८२ मध्ये बंद झाली. ती परंपरा मग कोणाच्या अंगणात गेली ते मला सांगता येत नाही, पण असं सविस्तर पत्र आलेला नवा लेखक माझ्या पाहण्यात नाही.

पण या नाण्याला दुसरी बाजूही आहे, ती सांगितली नाही तर इतिहास अर्धा राहील. १९६९ मध्ये लघुअनियतकालिकांच्या चळवळीतल्या तरुणांनी ‘सत्यकथे’चा अंक जाहीरपणे जाळला. त्यांचं म्हणणं असं की इथे दारावर बसलेल्यांची अभिरुची हीच एकमेव अभिरुची ठरते आणि आमचं जगणं, आमची भाषा त्या चाळणीतून पडतच नाही. नेमका हाच आक्षेप आज अमेरिकेत कार्यशाळांवर घेतला जातोय. गोलात बसलेले सगळे एका वर्णाचे, एका वर्गाचे असतील आणि लेखक वेगळा असेल, तर त्याने गप्प बसायचा नियम म्हणजे न्याय की जुलूम? मंडळींना कळलं नाही म्हणजे कथा फसली असं दरवेळी नसतं. कधी कधी ऐकणाऱ्यांनाच ते जग ठाऊक नसतं. मॅथ्यू सॅलेसिस नावाच्या लेखकाने २०२१ मध्ये यावर अख्खं पुस्तक लिहिलंय. क्लॅरियनवाल्यांच्या वर्तुळातही याची जाणीव होती असं दिसतं. ऑक्टेविया गेली त्याच वर्षी तिच्या नावाने एक शिष्यवृत्ती सुरू झाली, गोऱ्या नसलेल्या लेखकांना क्लॅरियनला आणि सिअ‍ॅटलच्या क्लॅरियन वेस्टला जाता यावं म्हणून. माझ्या दृष्टीने ती आईच्या दातांच्या पैशांची परतफेडच. यापुढे कोणाच्या आईला ते द्यायला लागू नयेत.

आणि एक उलटं उदाहरण आपल्याच घरचं. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेत जयंत नारळीकरांनी ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवली ती नारायण विनायक जगताप या नावाने, आपल्या आद्याक्षरांचा क्रम उलटा करून. नाव बघून बक्षीस नको म्हणून. आणि पहिलं बक्षीस मिळालं. नारळीकर २०२५ च्या मे महिन्यात गेले. एवढ्या मोठ्या माणसाला आपलं लेखन अनोळखी डोळ्यांनी वाचलं जावं असं वाटलं. मिलफर्डच्या गप्प बसायच्या नियमात आणि नारळीकरांच्या टोपणनावात मला एकच गोष्ट दिसते. दोन्हीकडे लेखकाला बाजूला बसवून फक्त कागद पुढे केलाय.

हे सगळं मी का काढलं, तर आमच्या गावातल्या वाचनालयाने यंदा लेखन-कार्यशाळा घ्यायची ठरवली आहे आणि ती मी घ्यावी असा आग्रह चाललाय. मला विचारायला आलेल्यांत बहुतेक माझ्याच वयाच्या बायका. दिवाळी अंकांत एखाद-दुसरी कथा, वर्तमानपत्राच्या पुरवणीत चार लेख आलेले. लिहिणं नवीन नाही, पण एखाद्या प्रकाशकाने आपणहून पुस्तक काढावं अशी इच्छा मनात आहे. स्वतःच्या पैशाने पुस्तक छापून नातेवाइकांत वाटण्याचा कंटाळा आलेल्या. (नातेवाईकांनो, रागावू नका.) त्यातली एक मला म्हणाली, ‘बाई, छान छान म्हणणारे घरी पुष्कळ आहेत. आम्हाला खरं सांगणारं कोणीतरी हवंय.’

मी तिला अजून होकार दिलेला नाही, पण देणार आहे. दोन दिवसांची नको, दर बुधवारी, निदान तीन महिने, असं सांगितलंय. गोल बसायचं, लेखिकेने गप्प राहायचं, हे घेणार. पण त्याला एक जोड देणार. बोलणाऱ्याने आधी ‘मला हे जग माहीत आहे का’ हे स्वतःला विचारायचं आणि माहीत नसेल तर तसं सांगून मग बोलायचं. कोळीवाड्यातल्या घरावरची कथा असेल तर सदाशिव पेठेने जरा सबुरीने घ्यावं. लाल रेघही ओढणार. मात्र रेघ ओढणाऱ्याने खाली सही करायची, म्हणजे मग ओढताना हात जरा विचार करतो.

आणि पहिल्या बुधवारी त्यांना ऑक्टेवियाची गोष्ट सांगणार. मंगळाची नाही, ती त्यांना कुठेही वाचायला मिळेल. मधल्या पाच वर्षांची. ‘कार्यशाळा झाली की छापून येईल ना?’ असं कोणीतरी विचारणारच, त्याला माझ्याकडे तेवढंच प्रामाणिक उत्तर आहे. येईलच असं नाही. उद्या तुमच्या कथेवर आम्ही लाल रेघ ओढू आणि परवा पहाटे तुम्हाला उठून पुन्हा लिहावंसं वाटलं, तर कार्यशाळा झाली असं समजायचं. सत्तरीनंतर पहाटे दोनला जाग तशीही येतेच. नुसतं कूस बदलत पडण्यापेक्षा दिवा लावून बसलेलं काय वाईट?